धक्क्यावरची गर्दी आणि तळातलं गवत: एका बेटाच्या जलवाहतुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातलं बेट, तिथल्या संस्था आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. चुका मात्र गाळलेल्या नाहीत. बेटावरची वाढती गर्दी आवरण्यासाठी नेमलेल्या नियोजनगटात जलवाहतुकीची बाजू माझ्याकडे होती. समुद्री जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे, आणि या कामात माझ्या हातून जी सगळ्यात मोठी चूक झाली तिचं मूळ तिथंच आहे.

बेट लहान, वस्तीचं. मुख्य भूमीपासून साधारण 20 सागरी मैल. एका बाजूला प्रवाळाची लांबलचक भिंत आणि तिच्या आड उथळ, शांत पाणी. तिथले लोक त्याला नुसतं 'आतलं पाणी' म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणेन. भरतीला तिथं सरासरी तीन मीटर पाणी, उधाणाच्या ओहोटीला दोन मीटरच्या आसपास. तळाला समुद्री गवताची कुरणं आहेत. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. ते खरं फुलझाड आहे, त्याला मुळं असतात, ते वाळू धरून ठेवतं आणि हिरव्या कासवांचं ते मुख्य अन्न आहे. ओहोटीच्या वेळी भिंतीच्या टोकावर उभं राहिलं की कुरणावर फिरणारी कासवं दिसतात. दर काही मिनिटांनी एखादं डोकं पाण्याबाहेर येतं, श्वास घेतं आणि पुन्हा खाली जातं. पर्यटक यायला लागले ते याच दृश्यासाठी.

बेटाचा एकुलता एक धक्का या आतल्या पाण्यात आहे. तो बांधला गेला तेव्हा आठवड्याला मालाची एखादी बोट येत असे. आम्ही काम हाती घेतलं तेव्हा तिथं तीन प्रकारच्या बोटी येत होत्या. माणसं आणि माल दोन्ही आणणारी फेरीबोट, पर्यटकांना सकाळी आणून संध्याकाळी परत नेणाऱ्या स्पीडबोटी, आणि रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या खासगी शिडाच्या बोटी.

अडचण

आमच्याकडे विषय आला तो 'पर्यटक फार झाले' या एका वाक्यात. पहिले दोन आठवडे आम्ही माणसंच मोजत होतो. धक्क्यावर बसून नोंदी घ्यायला लागलो तेव्हा वेगळंच दिसलं. दिवसभरात येणारी जवळपास सगळी माणसं सकाळच्या दीड-दोन तासांत उतरत होती. मुख्य भूमीवरून निघायची वेळ सगळ्यांची एकच, संध्याकाळी परतायची वेळही एकच. धक्क्याला एका वेळी एकच मोठी बोट लागायची. बाकीच्या आतल्या पाण्यात नांगर टाकून पाळीची वाट पाहायच्या. दुपारी एक ते तीन धक्का रिकामा असायचा.

नांगर गवताचं काय करतो ते नीट समजून घेतलं पाहिजे, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. नांगराचा फाळ वर येताना मुळांसकट गवत उपटतो, हे डोळ्यांना दिसतं. खरं नुकसान साखळीचं असतं. उदाहरणार्थ, सहा मीटर पाण्यात बोट धरून ठेवायला खोलीच्या चौपट, म्हणजे 24 मीटर साखळी सोडली, तर बोट नांगराभोवती सुमारे 23 मीटर त्रिज्येत फिरू शकते. वारा आणि प्रवाह दिवसभर फिरत राहिले, तर साखळी सुमारे 1,700 चौरस मीटरपर्यंतच्या पट्ट्यातला काही ना काही भाग घासत राहते. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांत गडद हिरव्या कुरणात फिकट, वाटोळे चट्टे दिसत होते. धक्क्यासमोर ते एकमेकांत मिसळून गेले होते.

असा चट्टा किती दिवसांत भरतो, हे गवताच्या जातीवर ठरतं. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनिया गवताचं जमिनीखालचं खोड वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतं. म्हणून स्पेनच्या बालेआरिक बेटांनी 2018 साली त्या गवतासाठी स्वतंत्र हुकूम काढून त्यावर नांगर टाकायला बंदी केली. आमच्याकडची जात त्यापेक्षा वेगाने वाढणारी होती, पण रोज तिथंच साखळी घासत असेल तर वेगाला काही अर्थ उरत नाही.

दुसरी अडचण कासवांची. कवचावर बोटीच्या पंख्याचे समांतर काप असलेली कासवं किनाऱ्याला लागत होती.

तिसरी अडचण बेटकऱ्यांची होती, आणि सुरुवातीच्या एकाही कागदावर ती नव्हती. एका सकाळी मी धक्क्यावर असताना एक म्हातारे गृहस्थ हातात तपासणीच्या कागदांची पिशवी घेऊन उभे होते. मुख्य भूमीवरच्या दवाखान्यात त्यांना वेळ मिळाली होती. फेरीबोट लागली, पण परतीच्या सगळ्या जागा एका पर्यटक गटाने आधीच घेतल्या होत्या. खलाशाने मान हलवली. म्हातारबुवा काही बोलले नाहीत. पिशवीचे बंद परत एकदा घट्ट बांधले आणि चढणीला लागले. ज्या बेटावर राहणाऱ्याला बोटीत जागा मिळत नाही, तिथं कासवांसाठी नियम पाळा असं सांगायला कुणाच्या दारात जायचं? त्या दिवसापासून माझ्या टिपणात बेटकऱ्यांच्या जागा हा मुद्दा सगळ्यात वर गेला.

समोरचे पर्याय

गटात पाच पर्याय मांडले गेले. सगळ्यांवर सारखी चर्चा झाली नाही.

पहिला, काही काळ सगळं बंद ठेवण्याचा. थायलंडमधली माया बे जून 2018 मध्ये बंद झाली आणि थेट 1 जानेवारी 2022 ला उघडली. फिलिपिन्सचं बोराकाय बेट 2018 मध्ये सहा महिने बंद होतं. पण माया बे निर्जन आहे. आमचं बेट वस्तीचं, आणि तीच फेरीबोट औषधं नि धान्य आणते. शिवाय बोराकाय बंद असताना तिथल्या कामगारांचं काय झालं, याचा विचार आम्हाला टाळता येत नव्हता. हा पर्याय एका बैठकीतच बाजूला झाला. माया बेच्या उदाहरणातली एक गोष्ट मात्र आम्ही उचलून ठेवली. ती पुन्हा उघडली तेव्हा बोटींना खाडीत यायला बंदी घालून उतरण्याची जागा बेटाच्या मागच्या बाजूला नेली होती, आणि माणसांची मर्यादा दिवसाची न ठेवता तासाची ठेवली होती.

दुसरा पर्याय दिवसाला ठरावीक पर्यटक. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाऊ बेटावर एका वेळी 400 पर्यटकांची मर्यादा आहे आणि ती चालते. पण तिथं मुक्कामी पाहुणे येतात. आमच्याकडे सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे जास्त. आकडा निम्मा केला असता तरी उरलेले निम्मे त्याच दोन तासांत, त्याच नांगरांवर आले असते.

तिसरा, गाळ उपसून धक्का मोठा करायचा आणि मोठी वेगवान फेरी आणायची. हा पर्याय कागदावर सगळ्यात देखणा होता. त्याचा पुरस्कार करणारे लोक प्रामाणिक होते आणि बेटाचं भलं चिंतणारे होते. पण उपशाचा बारीक गाळ पाण्यात दिवसेंदिवस तरंगतो, गवतापर्यंत उजेड पोहोचत नाही, आणि गवत उजेडावर जगतं. वर मोठी बोट म्हणजे एका वेळी उतरणारी गर्दीही मोठी.

चौथा पर्याय विजेवर चालणाऱ्या फेरीचा. डेन्मार्कच्या एरो बेटाची 'एलेन' ही फेरी 2019 पासून 4.3 मेगावॉट-तासांच्या बॅटरीवर जाऊन-येऊन 22 सागरी मैल धावते. आमचं जाणं-येणं 40 मैलांचं, आणि बेटाची वीज डिझेलच्या जनित्रावर. बेटावर चार्जिंग म्हणजे धूर फेरीवरून उचलून वस्तीत आणणं. तो विषय आम्ही पुढे ढकलला, सोडला नाही.

पाचवा पर्याय दिसायला सगळ्यात साधा होता: वेळापत्रक बदला, नांगराऐवजी बोट बांधायला पाण्यावर तरंगणारे बोये द्या, वेग ठरवा आणि उतरण्याची दुसरी जागा शोधा. यात फीत कापण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे त्याला पाठिंबा मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

काय केलं: वेळापत्रक

पहिलं पाऊल म्हणून प्रत्येक बोटीला धक्क्याची वेळ नेमून दिली. सकाळची दोन तासांची गर्दी पाच तासांवर पसरवायची, हा हेतू. नेमलेल्या वेळेआधी आलेल्या बोटीने भिंतीबाहेर थांबायचं. फेरीबोटीत बेटकऱ्यांच्या जागा राखून ठेवल्या, आणि सुटण्याआधी एक तासापर्यंत कुणी आलं नाही तरच त्या इतरांना खुल्या केल्या. हा नियम एका दिवसात लागू झाला, त्याला काही खर्च आला नाही, आणि बेटावर आमच्याशी बोलण्याचा लोकांचा सूर त्यानंतर बदलला.

भरती-ओहोटीचं गणित मात्र आम्ही आधी विसरलो होतो. उधाणाच्या ओहोटीला फेरीबोट आत यायची तेव्हा तिच्या पंख्याचा झोत थेट तळावर बसायचा आणि मागे गढूळ पाण्याची लांब शेपटी उठायची. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. फेरीची वेळ मात्र घड्याळाला बांधलेली. रोज वेळ बदलायची म्हटलं तर मुख्य भूमीवरच्या बस, शाळा, दवाखाना, सगळ्यांची गाठ सुटते.

तोडगा एका जुन्या तांडेलांनी दिला. त्यांचं म्हणणं असं, की भरतीची वेळ सरकते खरी, पण पंधरवड्याने फिरून जवळपास तिथंच येते. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं, आणि एका ठिकाणी उधाणाची भरती दर खेपेला साधारण त्याच प्रहरी येते. म्हणजे पंधरा ओळींचं एक कार्ड छापलं की पुरे. आम्ही भरतीची कोष्टकं काढून पडताळलं. म्हणणं अचूक होतं. भांगाच्या, म्हणजे दोन उधाणांच्या मधल्या, दिवसांत काहीच बदलावं लागलं नाही. ओहोटी तेवढी खोल जातच नाही. अडचण फक्त उधाणाच्या चार-पाच दिवसांची निघाली. त्या दिवसांत तळ-ओहोटीच्या आधी-नंतर एक-एक तास फेरी आत येणार नाही, असं ठरलं. तातडीच्या रुग्णासाठी उथळ बुडाची छोटी होडी तयार ठेवली.

काय केलं: बोये

बोयांच्या बाबतीत जग पुष्कळ आधीपासून शिकलेलं आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांमध्ये 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जॉन हॅलस या जीवशास्त्रज्ञांनी खडकात भोक पाडून त्यात खिळा बसवायचा आणि त्याला बोया बांधायचा, ही पद्धत रुळवली. वाळूच्या तळासाठी मोठ्या स्क्रूसारखा नांगर असतो. तो पिळून जमिनीत बसवतात आणि वर फक्त दोर ओवायचा डोळा उरतो. दोराच्या मधोमध एक छोटा तरंगता गोळा लावतात, त्यामुळे दोर कधीच तळाला टेकत नाही. सगळ्या युक्तीचा जीव त्या मधल्या गोळ्यात आहे.

इथं आमच्याकडून एक घाई झाली. स्क्रूचे नांगर यायला वेळ होता आणि हंगाम तोंडावर आला होता. कुणीतरी काँक्रीटचे जड ठोकळे देऊ केले. आम्ही दोन ठोकळे साखळीसकट टाकले. हंगाम संपल्यावर पाणबुड्याने खाली जाऊन पाहिलं तर ठोकळ्याभोवती साखळीने आखलेलं नितळ, स्वच्छ वर्तुळ होतं, गवताची काडी नाही. नांगराचा चट्टा तरी जागा बदलतो, हा कायमचा झाला होता. ते ठोकळे काढण्यात जितके दिवस गेले तितक्यात चार स्क्रू बसले असते.

बोये बसले तेव्हा मासेमार चिडले. त्यांच्या जाळ्यांच्या दोन पारंपरिक जागांवर बोये आले होते. नकाशा आम्ही गवताचा काढला होता, जाळ्यांचा काढलाच नव्हता. त्यांच्याबरोबर होडीत बसून जागा पुन्हा आखल्या. देखभालीचं कामही पुढे त्यांच्यातल्याच दोघांना मिळालं, कारण शॅकल (साखळी जोडणारी कडी) झिजते ती नेमकी कुठे, हे त्यांना हाताने कळतं. बोयाला बांधणाऱ्या बोटींचं शुल्क याच देखभालीला जातं.

वेगमर्यादा: जिथं आम्ही चुकलो

आता माझ्या चुकीकडे येतो.

कासवांच्या जखमांवर उपाय म्हणून आतल्या पाण्यात वेगमर्यादा घालायची, यावर एकमत होतं. आकडा मी सुचवला: 10 नॉट, म्हणजे तासाला 10 सागरी मैल. त्याला आधार होता. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल जातीचे देवमासे वाचवण्यासाठी 2008 पासून ठरावीक हंगामात आणि ठरावीक पट्ट्यांत 65 फूट आणि त्याहून लांब जहाजांना 10 नॉटची मर्यादा आहे. 2007 सालच्या एका अभ्यासात जहाजाचा वेग 11.8 नॉटच्या खाली आला की देवमाशाला बसलेली धडक प्राणघातक ठरण्याची शक्यता निम्म्याहून कमी होते, असं निघालं होतं. जगात मान्य झालेला आकडा, म्हणून मी तो उचलला आणि इथं लावला.

मर्यादा लागू होऊन महिना झाला नाही तोच किनाऱ्यावर शिंपल्या वेचणाऱ्या बायकांनी तक्रार केली, की आता लाटा मोठ्या येतात. मला ते पटेना. बोटी हळू झाल्या तर लाट मोठी कशी होईल? मी तीन दिवस टाळलं. चौथ्या दिवशी त्यांच्याबरोबर गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. एक स्पीडबोट लांबून गेली. आधी काहीच नाही. मग पाणी पायाजवळून मागे ओढलं गेलं, वाळूत रुतलेल्या शिंपल्या उघड्या पडल्या, आणि पाठोपाठ तीन-चार उंच, लांब लाटा आल्या. त्या परतल्या तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं, आणि गवताचे तुटलेले तुकडे पायाला चिकटले होते.

कारण पदार्थविज्ञानाच्या साध्या नियमात आहे, आणि जलवाहतुकीच्या माणसाला ते ठाऊक असायला हवं होतं. उथळ पाण्यात लाट एका मर्यादेपलीकडे वेगाने धावू शकत नाही. ती मर्यादा खोलीवर ठरते. तीन मीटर पाण्यात ती साधारण साडेदहा नॉट, दोन मीटरमध्ये साधारण साडेआठ. बोटीचा वेग या आकड्याला भिडला की तिने उठवलेली लाट तिच्यापासून सुटून जाऊ शकत नाही, साठत जाते, उंच होते. त्यात स्पीडबोटीची स्वतःची अडचण. पूर्ण वेगात ती वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरत जाते, अगदी सावकाश चालली तर पाणी हलकेच कापते. या दोन्हींच्या मधल्या वेगात मात्र तिचं बूड खाली बसतं, नाक वर जातं, आणि ती पाणी नांगरत जाते. आठ-नऊ मीटर लांबीच्या बोटीला 10 नॉट हा नेमका तोच मधला वेग पडतो. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाने वाढते. उंची दुप्पट झाली तर किनाऱ्याला बसणारा मार चौपट. खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांसाठी ठरलेला आकडा तीन मीटर पाण्यातल्या छोट्या बोटींना लावून मी त्या पाण्यासाठी जवळजवळ सगळ्यात वाईट वेग कायद्याने ठरवून दिला होता.

कासवांच्या बाजूनेही आकडा चुकीचाच होता. ऑस्ट्रेलियात हिरव्या कासवांवर झालेल्या एका अभ्यासाचा निबंध आमच्या जीवशास्त्रज्ञ सहकारी बाईंनी पहिल्याच महिन्यात फायलीत लावून ठेवला होता. त्यात बोट ताशी 4 किलोमीटरने आली तेव्हा 60 टक्के कासवं बाजूला झाली, 11 किलोमीटरला 22 टक्के, आणि 19 किलोमीटरला फक्त 4 टक्के. दहा नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. तो निबंध मी वाचला नव्हता. मथळा वाचून माझा विषय नाही म्हणून पान उलटलं होतं. बाईंनी पुढे मला एका शब्दानेही दोष दिला नाही, आणि त्याची टोचणी अजून आहे.

दुरुस्ती दोन टप्प्यांत झाली. आतल्या पाण्यात मर्यादा 5 नॉटवर आणली. पण 5 नॉटनेही सगळीच कासवं वेळेवर हटत नाहीत, म्हणून स्पीडबोटींना आत यायचीच गरज राहू नये, अशी सोय केली. भिंतीच्या बाहेरच्या टोकाला, खोल पाण्यात, वाळूच्या तळावर तरंगता धक्का बसवला. प्रवासी तिथं उतरतात आणि पायवाटेने वस्तीत येतात. चालता न येणाऱ्यांना ती छोटी होडी आणते. बाहेरच्या पाण्यात आखलेल्या मार्गात स्पीडबोटी त्यांच्या वेगाने जाऊ शकतात.

तरी मर्यादा मोडली जात होती. बोटी अडवून खलाशांशी बोलल्यावर कळलं, की त्यांना फेरीमागे पैसे मिळतात. जितक्या फेऱ्या तितकी कमाई. 5 नॉटचा प्रत्येक मैल त्यांच्या खिशातून जात होता. मालकांशी चार बैठका झाल्या आणि तीन मालकांनी दिवसाचा पगार सुरू केला. त्या तिघांच्या बोटी मर्यादा मोडेनाशा झाल्या. दंडाने जे साधलं नव्हतं ते यातून साधलं. या एका गोष्टीवर मी आणखी पानं लिहू शकेन. नियम पाळणाऱ्याच्या पोटावर येत असेल तर तो नियम अर्धाच लिहिलेला असतो.

दोन छोट्या बाजू

मालाच्या तपासणीवर थोडक्यात. जून 1918 मध्ये लॉर्ड हाऊ बेटावर 'मकाम्बो' हे जहाज खडकाला लागलं आणि त्यातले उंदीर किनाऱ्यावर पोहोचले. त्यानंतर तिथल्या पाच जातींचे पक्षी नामशेष झाले. उंदीर हटवण्याची मोठी मोहीम व्हायला 2019 उजाडलं. म्हणून आमची तपासणी बेटाच्या धक्क्यावर न ठेवता मुख्य भूमीच्या धक्क्यावर ठेवली. उंदीर बेटावर उतरल्यावर तो शोधून उपयोग नसतो. दोरांवर उंदीर चढू नयेत म्हणून चकत्या लावल्या. मुक्कामी बोटींना नांगर आणि साखळी धुऊन आणायला सांगितलं. 2002 मध्ये कॅरिबियनमध्ये ग्रेनाडाला प्रथम सापडलेलं परकं समुद्री गवत बोटींबरोबरच आलं असावं, असं मानलं जातं.

दुसरं, फेरीबोटीचा वेग. मोकळ्या पाण्यात तिला 14 ऐवजी 12 नॉटने चालवायला सांगितलं. लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे तेवढ्याच अंतराला इंधन साधारण वेगाच्या वर्गाने. हिशेबाने 26 टक्के बचत, आणि 20 मैलांना 86 मिनिटांऐवजी 100. प्रत्यक्षात बचत त्याहून कमी झाली, कारण दिवे, शीतपेटी, पंप चालवणाऱ्या जनित्राचा खर्च किती वेळ चाललं यावर ठरतो, अंतरावर नाही. प्रवास लांबला की तेही जास्त चालतं. तरी बचत झाली, आणि चौदा मिनिटांची तक्रार कुणी केली नाही.

काय निष्पन्न झालं

पर्यटकांची संख्या घटली नाही. सकाळची झुंबड मात्र गेली. धक्क्यासमोर गवतात नवे चट्टे पडायचे थांबले. जुन्यांच्या कडा आत सरकू लागल्या आहेत, मधला भाग अजून उघडाच आहे. आतल्या पाण्यात पंख्याने कापलेलं कासव दुरुस्तीनंतरच्या हंगामात आढळलं नाही. हंगाम एकच असल्याने मी त्याला यश म्हणणार नाही. बेटकऱ्यांना जागा मिळते. एका स्पीडबोट मालकाने तरंगत्या धक्क्याचा कंटाळा करून इथला व्यवसाय बंद केला.

आणि एक वाईट गोष्ट. बोयांचं शुल्क नको म्हणून काही शिडाच्या बोटी टेकडीपलीकडच्या खाडीत नांगर टाकू लागल्या. तिथंही गवत आहे. आमची हद्द फक्त आतल्या पाण्याची होती, त्यामुळे तिथं त्यांना कुणी हटकू शकत नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवातीलाच बेटाचा सगळा किनारा नकाशावर घेईन. जिथं अडचण दिसते तेवढाच तुकडा आखला की अडचण हद्दीबाहेर जाऊन बसते.

कोणताही नियम लावण्याआधी एक महिना नुसतं मोजेन. लाटेची उंची, पाण्याचा गढूळपणा, बोटींचे खरे वेग. 10 नॉटच्या आधी किनाऱ्यावर लाट किती होती, याची आमच्याकडे एकही नोंद नव्हती. त्या बायकांनी सांगितलं नसतं तर चूक आणखी किती दिवस चालली असती, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो. मोजणीच्या कामावर त्यांनाच घेईन. पाण्यात रोज तेच उभ्या असतात.

मासेमार आणि खलाशी पहिल्या बैठकीला असतील, आणि खलाशाला पैसे कसे मिळतात हा प्रश्न वेगमर्यादेच्या आधी विचारला जाईल.

दुसऱ्या विषयाचा कागद फायलीत आला तर तो पूर्ण वाचेन, आणि कळला नाही तर ज्याने लावला त्याच्याकडे जाऊन समजून घेईन.

पलीकडच्या खाडीत बोये बसवायचे, का तिथं नांगराला सरसकट बंदी घालायची, यावर गटात अजून दोन मतं आहेत. तांडेलांचं म्हणणं, बंदी घातली तर वादळात आसरा कुठे घ्यायचा? त्या बाजूला वाऱ्याच्या आड असलेली तीच एक जागा आहे. या हंगामाआधी तिथं गवताचा आणि जाळ्यांचा असे दोन्ही नकाशे एकाच होडीतून, मासेमारांबरोबर काढायचे ठरलं आहे. पहिली फेरी पुढच्या भांगाला निघते.